आफ्रिकेचे प्रश्न आफ्रिकेत विचारले जावेत म्हणून

१९६३ सालच्या ऑक्टोबर महिन्यात ऑक्सफर्डचे नामवंत इतिहासकार ह्यू ट्रेव्हर-रोपर यांनी ससेक्स विद्यापीठात दिलेल्या आणि बीबीसीने दूरचित्रवाणीवर दाखवलेल्या व्याख्यानमालेत असे मत मांडले की, पुढेमागे आफ्रिकेचा इतिहास शिकवण्याजोगा होईलही, पण तूर्त तसे काही नाही. आहे तो आफ्रिकेतील युरोपीय लोकांचा इतिहास, आणि बाकी सगळा अंधार. आफ्रिकेच्या इतिहासलेखनाविषयीची बहुतेक चर्चा या विधानापासून सुरू होते. मला ते आठवते ते त्याच महिन्यात आफ्रिकेत जे घडत होते त्यामुळे. २५ ऑक्टोबर १९६३ रोजी घानाचे अध्यक्ष क्वामे एन्क्रुमा यांनी अक्राजवळच्या लेगोन येथील विद्यापीठात आफ्रिका अभ्यास संस्थेचे औपचारिक उद्घाटन केले. त्याआधी, डिसेंबर १९६२ मध्ये, त्याच लेगोनमध्ये आफ्रिकेच्या अभ्यासकांची पहिली आंतरराष्ट्रीय परिषद भरली होती आणि तिच्या अध्यक्षस्थानी केनेथ ओनवुका डिके हे नायजेरियन इतिहासकार होते, ज्यांचा नायजर नदीच्या मुखाकडील प्रदेशावरचा ग्रंथ ऑक्सफर्डच्याच मुद्रणालयाने १९५६ मध्ये छापला होता.

आफ्रिकेतील विद्वानांनी आपल्या समाजांच्या विकासाविषयी आणि नव्या उभारणीविषयी केलेले संशोधन मी बऱ्याच काळापासून वाचत आलो आहे. या वाचनातून माझे एक मत पक्के झाले आहे आणि ते मांडण्यासाठीच हा लेख लिहीत आहे. या संशोधनाला कल्पनांची किंवा बुद्धिमत्तेची उणीव कधीच नव्हती. त्याचा उत्कर्ष आणि त्याची पीछेहाट या दोन्ही गोष्टी ठरल्या त्या अगदी ऐहिक बाबींवर: दप्तरखाना कोठे आहे, ग्रंथालयात नियतकालिके येतात की नाही, प्राध्यापकाला पगारात घर चालवता येते की नाही, आणि संशोधनाचा प्रश्न तो स्वतः ठरवतो की पैसे देणारा ठरवतो.

डिके यांच्यापासूनच सुरुवात करू. त्यांचा जन्म १९१७ चा, पूर्व नायजेरियातील आवका येथला. लंडनच्या किंग्ज कॉलेजमधून त्यांनी १९५० मध्ये डॉक्टरेट मिळवली. प्रबंधाचा विषय होता १८३० ते १८८५ या काळात नायजरच्या त्रिभुज प्रदेशात चाललेला व्यापार आणि त्याभोवतीचे राजकारण. हा प्रदेश खारफुटीचा आणि खाड्यांचा आहे. शेतीला योग्य जमीन फार थोडी. मासे आणि मीठ देशावर नेऊन त्याच्या बदल्यात धान्य आणणाऱ्या लोकांनी येथे बॉनी, ब्रास यांसारखी व्यापारी राज्ये उभी केली. आधी गुलामांचा आणि मग पाम तेलाचा व्यापार त्यांच्या हातून होत असे. लिव्हरपूलच्या व्यापाऱ्यांना साबणासाठी आणि यंत्रांच्या वंगणासाठी हे तेल हवे होते, परंतु त्यांना आत जाण्याची मुभा नव्हती. त्यांची जहाजे खाडीच्या तोंडाशी नांगरून उभी राहत, राजाला ठरलेला कर पोचता झाल्याखेरीज सौदे सुरू होत नसत, आणि देशावरच्या बाजारांतून तेल आणणाऱ्या स्थानिक व्यापाऱ्यांना माल उधारीवर देऊन वाट पाहण्यावाचून त्यांच्यापुढे पर्याय नसे.

या राज्यांचा कणा म्हणजे तेथील ‘घराणी’. घराणे म्हणजे केवळ रक्ताचे कुटुंब नव्हे. व्यापार करणारी, युद्धाची होडी सज्ज ठेवणारी, नव्याने आलेल्या माणसांना सामावून घेणारी ती एक संस्थाच होती. गुलाम म्हणून आलेला माणूसही कर्तबगारीच्या जोरावर घराण्याचा प्रमुख होऊ शकत असे. जाजा हा त्याचा सर्वांत ठळक दाखला. गुलामगिरीतून वर येऊन तो बॉनीतील एका मोठ्या घराण्याचा प्रमुख झाला, १८६९ च्या अंतर्गत यादवीनंतर आपल्या माणसांसह बाहेर पडला, आणि तेलाच्या बाजारांकडे जाणारा जलमार्ग रोखून धरता येईल अशा ठिकाणी त्याने ओपोबो हे नवे राज्य वसवले. ब्रिटिश कॉन्सलने, म्हणजे ब्रिटिश सरकारच्या तेथील प्रतिनिधीने, १८८७ मध्ये त्याला वाटाघाटींसाठी जहाजावर बोलावले आणि तेथूनच हद्दपार केले. १८९१ मध्ये मायदेशी परतण्याच्या वाटेवर त्याचा मृत्यू झाला.

डिके यांनी दाखवून दिले ते असे की, किनाऱ्यावरचा व्यापार कितीतरी काळ आफ्रिकी लोकांच्या अटींवर चालला. त्यांच्याकडे राज्यव्यवस्था नव्हती म्हणून त्यांचा ताबा सुटला, हे खरे नाही. १८५४ च्या मोहिमेत क्विनाइन हे हिवतापावरचे औषध नियमित घेतल्यामुळे एकही युरोपीय माणूस तापाने न दगावता जहाज नदीतून दूरवर जाऊन परत आले, आणि पुढे वाफेची जहाजे, तोफा व कॉन्सलचे अधिकार एकत्र आल्यावर मध्यस्थांची साखळी तोडणे शक्य झाले. एका प्रदेशापुरता हा निष्कर्ष वरवर लहान वाटेल. परंतु ज्या काळी गव्हर्नरांचे अहवाल म्हणजेच वसाहतीचा इतिहास मानला जाई, त्या काळी इंग्रजी दप्तराच्या जोडीला स्थानिक लोकांच्या स्मरणातील वृत्तांताचा पुरावा म्हणून विचार करणे आणि आफ्रिकी व्यापाऱ्याला कथानकाचा कर्ता मानणे, हे लंडनमधील परीक्षकांपुढे ठेवायला धैर्य लागत होते.

माझ्या दृष्टीने मात्र डिके यांचे याहून मोठे काम ग्रंथाबाहेरचे आहे. १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला ते नायजेरियाभर सरकारी कचेऱ्यांतून हिंडले आणि जुन्या कागदपत्रांची पाहणी केली. दमट हवेत आणि वाळवीच्या तोंडी पडलेली ही दप्तरे वाचवायची तर स्वतंत्र दप्तरखाना हवा, असे त्यांनी सरकारला पटवून दिले. त्यातून उभ्या राहिलेल्या राष्ट्रीय दप्तरखान्याला १९५७ च्या कायद्याने बळ मिळाले आणि त्याचे पहिले संचालकपद डिके यांच्याकडेच होते. १९५५ मध्ये नायजेरियाची इतिहास परिषद स्थापन झाली, दुसऱ्याच वर्षी तिचे नियतकालिक निघाले, १९६० मध्ये डिके नायजेरियातील इबादानच्या युनिव्हर्सिटी कॉलेजचे पहिले आफ्रिकी प्राचार्य झाले आणि १९६२ मध्ये तेथे आफ्रिका अभ्यास संस्था सुरू झाली. दप्तरखाना, विभाग, परिषद, नियतकालिक, ग्रंथमाला अशी सगळी साधने एकाच दशकात, एकाच परिसरात जुळून आली, आणि इतिहासलेखनातील ‘इबादान परंपरा’ म्हणून जे ओळखले जाते ते या जुळणीचे फळ आहे. तिचे दुसरे आधारस्तंभ जेकब अडे अजायी यांनी असा विचार मांडला की, वसाहतीचा काळ हा आफ्रिकेच्या दीर्घ इतिहासातील एक प्रकरण आहे, इतिहासाची सुरुवात नव्हे. ज्या देशाला नुकतेच स्वातंत्र्य मिळाले होते त्या देशातील तरुणांवर या विचाराचा काय परिणाम झाला असेल, याची कल्पना आपल्याला सहज करता येते.

या परंपरेच्या उणिवाही होत्या आणि त्या आफ्रिकेतल्याच अभ्यासकांनी दाखवून दिल्या. राजे, व्यापारी, धर्मोपदेशक आणि शिकलेला वर्ग यांच्याभोवतीच हे लेखन फिरत राहिले. शेतकरी, मजूर आणि स्त्रिया त्यात अभावानेच दिसतात. उत्तर नायजेरियातील झारिया येथील मार्क्सवादी इतिहासकारांनी यावर कठोर टीका केली. १९२९ मध्ये पूर्व नायजेरियात स्त्रियांवरही कर बसणार या शंकेने हजारो स्त्रिया रस्त्यावर आल्या, त्यांनी सरकारनियुक्त मुखियांना घेराव घातले, आणि गोळीबारात पन्नासहून अधिक स्त्रिया मारल्या गेल्या. एवढ्या मोठ्या उठावाचा स्त्रियांच्या संघटनांच्या अंगाने अभ्यास व्हायला १९७० आणि १९८० ची दशके उजाडावी लागली. खुद्द इबादानमध्ये बोलानले आवे या इतिहासकार बाईंनी स्त्रीविषयक संशोधनाचे आणि दस्तऐवजांचे केंद्र उभे करण्यात पुढाकार घेतला. आवे या इबादान परंपरेतच घडलेल्या होत्या, हे मला महत्त्वाचे वाटते. परंपरेवरील टीका परंपरेच्या आतून उमटायची, तर आधी ती परंपरा आणि तिची घरे जागेवर असावी लागतात.

डिके यांना स्वतःला मात्र ते घर सोडावे लागले. १९६६ मधील लष्करी उठाव आणि इग्बो लोकांच्या कत्तली यांनंतर त्यांनी इबादान सोडले, नायजेरियातून फुटून निघालेल्या पूर्वेकडील बियाफ्राच्या बाजूने यादवी युद्धात काम केले, आणि ते युद्ध संपल्यावर हार्वर्डमध्ये अध्यापन केले.

खंडाच्या दुसऱ्या टोकाला, टांझानियातील दार-एस-सलाम येथे झालेला एक प्रयोग मला इबादानच्या सगळ्या ग्रंथांइतकाच मोलाचा वाटतो. १९०५ च्या जुलै महिन्यात त्या वेळच्या जर्मन पूर्व आफ्रिकेतील मातुंबी टेकड्यांत लोकांनी सक्तीने लावायला लागलेली कापसाची रोपे उपटून टाकली आणि त्यातून माजी माजी (स्वाहिली भाषेत ‘माजी’ म्हणजे पाणी) या नावाने ओळखला जाणारा उठाव पेटला. न्गाराम्बे येथील किंजिकिटिले या भगताने दिलेले मंतरलेले पाणी अंगावर घेतले म्हणजे जर्मनांच्या बंदुकीच्या गोळ्यांचे पाणी होईल, असा विश्वास गावोगाव पसरला, आणि ज्या समाजांनी पूर्वी कधी एकत्र लढाई केली नव्हती ते समाज या उठावात सामील झाले. जर्मनांनी गावे, पिके आणि धान्याची कोठारे जाळून उठाव मोडला. युद्धापेक्षा त्यानंतरच्या दुष्काळाने अधिक बळी घेतले. मृतांची संख्या काही अभ्यासकांच्या अंदाजानुसार अडीच ते तीन लाखांपर्यंत जाते.

या घटनेला साठ वर्षे उलटल्यावर, १९६८ आणि १९६९ मध्ये, दार-एस-सलामच्या इतिहास विभागाने आपल्या विद्यार्थ्यांना उठावाच्या भागांत पाठवले. यांतील कित्येक जण त्याच भागांतले होते. त्यांनी तो काळ लहानपणी पाहिलेल्या म्हाताऱ्या माणसांशी त्यांच्या भाषेत बोलून वृत्तांत टिपून घेतले: कापसाच्या मळ्यावर कोणी नेले, मुकादमाने कसे मारले, पाणी आणायला गावातून कोण गेले होते, उठाव फसल्यावर रानात कोणती कंदमुळे खाऊन दिवस काढले. जर्मन दप्तरात यातले काही सापडणार नव्हते, आणि आणखी दहा वर्षे थांबले असते तर सांगणारेच उरले नसते. वसाहतीच्या इतिहासातील एवढी मोठी घटना पदवीच्या विद्यार्थ्यांनी अशा रीतीने नोंदवून ठेवल्याची उदाहरणे जगात फार नाहीत.

या प्रकल्पावर पुढे जी टीका झाली तीही समजून घेण्याजोगी आहे. स्वातंत्र्य मिळून जेमतेम सात वर्षे झालेल्या टांझानियाला एकराष्ट्रीयत्वाची मुळे हवी होती, आणि माजी माजी हा स्वातंत्र्यलढ्याचा पहिला अध्याय आहे या गृहीतकाने प्रश्न तयार झाले होते. त्यामुळे उत्तरेही ऐक्याच्या दिशेने झुकली, असे नंतरच्या संशोधकांनी दाखवले. त्यांनी त्याच अहवालांकडे नव्याने पाहिले, तेव्हा शिकारीवरील निर्बंध, जंगलावरचा हक्क, मुखियांमधील जुनी वैरे आणि घरातल्या स्त्रियांवर पडलेला कामाचा बोजा असे अनेक धागे दिसू लागले. मला ही टीका पटते. त्याचबरोबर असेही वाटते की, राष्ट्राच्या उभारणीसाठी केलेले संशोधन पक्षपाती होण्याचा धोका पत्करूनच केले जाते आणि त्यावरचा खात्रीचा उपाय एकच असतो, तो म्हणजे मूळ नोंदी जपून ठेवणे. दार-एस-सलामच्या विद्यार्थ्यांचे अहवाल चक्रमुद्रित करून सांभाळले गेले, म्हणूनच त्यांच्या निष्कर्षांशी असहमत होणेही पुढच्यांना शक्य झाले.

मौखिक परंपरेला पुरावा मानण्याचे शास्त्र याच सुमारास आकार घेत होते. बेल्जियन अभ्यासक यान व्हान्सिना यांनी काँगोमधील कुबा लोकांत काम करून १९६१ मध्ये या पद्धतीवरचा आपला ग्रंथ प्रसिद्ध केला. केनियाचे बेथवेल ओगोट यांनी लुओ लोकांच्या वंशावळी आणि स्थलांतराच्या कथा जुळवून, पिढ्या मोजून कालक्रम लावला आणि तो इतिहास १९६७ मध्ये ग्रंथरूपाने आणला. या पद्धतीत धोके आहेत. छापलेले पुस्तक गावात पोचले की सांगणारा त्यातलेच परंपरा म्हणून सांगू लागतो. युगांडात राजांच्या याद्यांच्या बाबतीत अभ्यासकांना हा अनुभव चांगलाच आला. तरीही लिखित पुरावा नाही म्हणजे इतिहास नाही, हा जुना दंडक या कामामुळे कायमचा मोडीत निघाला.

सेनेगलचे शेख अन्ता दियोप यांचा मार्ग वेगळा होता. प्राचीन इजिप्तची संस्कृती ही कृष्णवर्णीय आफ्रिकी संस्कृती होती, असा सिद्धांत त्यांनी १९५४ पासून आग्रहाने मांडला. त्यातील बऱ्याच गोष्टी, विशेषतः भाषांच्या तुलनेवर आधारलेले काही दावे, तज्ज्ञांना मान्य नाहीत आणि मलाही ते संपूर्णपणे पटलेले नाहीत. पण पुराव्याचे साधन आपल्या हातात असले पाहिजे, हे त्यांना फार लवकर उमगले होते. १९६० च्या दशकात त्यांनी डाकार येथे कार्बन कालमापनाची प्रयोगशाळा उभारली. १९७४ मध्ये युनेस्कोने कैरोत भरवलेल्या चर्चासत्रात त्यांनी आणि काँगोच्या थिओफिल ओबेंगा यांनी आपली बाजू जगातील इजिप्ततज्ज्ञांसमोर मांडली. युनेस्कोच्या आफ्रिका-इतिहासाच्या दुसऱ्या खंडात दियोप यांचे प्रकरण आहे आणि त्या चर्चासत्राचा अहवालही आहे, त्यामुळे वाचकाला दोन्ही बाजू पाहता येतात.

युनेस्कोचा हा आठ खंडांचा इतिहास म्हणजे त्या पिढीचे सामूहिक काम. १९६४ मध्ये त्याचा संकल्प झाला आणि तो पुरा व्हायला तीन दशकांहून अधिक काळ लागला. त्यावर देखरेख करणाऱ्या ३९ जणांच्या शास्त्रीय समितीत दोन तृतीयांश सदस्य आफ्रिकी होते आणि प्रत्येक खंडाचे संपादन आफ्रिकी विद्वानाकडे होते. पद्धतिशास्त्राचा पहिला खंड बुर्किना फासोचे जोझेफ की-झेर्बो यांनी, पाचवा ओगोट यांनी, सहावा अजायी यांनी संपादित केला. हे सगळे खंड आज इंटरनेटवर विनामूल्य मिळतात. ज्या मराठी वाचकांना या विषयात शिरायचे आहे त्यांनी पहिल्या खंडातील मौखिक परंपरेवरची प्रकरणे आधी वाचावीत, अशी माझी आग्रहाची शिफारस आहे.

येथवर इतिहासाविषयी लिहिले, कारण पायाभरणी तेथे झाली. विकासाच्या अर्थकारणावरील संशोधनाची गोष्ट मात्र अधिक क्लेशकारक आहे. १९७३ मध्ये डाकार येथे कोडेस्रिया ही सामाजिक शास्त्रांतील संशोधनाची आफ्रिकाव्यापी संस्था स्थापन झाली. इजिप्तचे अर्थशास्त्रज्ञ सामिर अमीन हे तिचे पहिले कार्यकारी सचिव होते. इंग्रजी बोलणारा देश, फ्रेंच बोलणारा देश, अरबी बोलणारा देश या वसाहतींनी आखलेल्या भिंती ओलांडून आफ्रिकी संशोधकांनी एकमेकांचे वाचावे, हा तिचा मुख्य हेतू. तोपर्यंत लागोसच्या प्राध्यापकाला शेजारच्याच, पण फ्रेंच बोलणाऱ्या बेनिनमधल्या कोतोनूचे संशोधन पॅरिसमार्गे कळत असे.

१९८० मध्ये आफ्रिकी देशांच्या प्रमुखांनी लागोस कृती-आराखडा स्वीकारला. परस्परांतील व्यापार, अन्नधान्यातील स्वावलंबन आणि उद्योग यांवर त्याचा भर होता. दुसऱ्याच वर्षी जागतिक बँकेने आपला अहवाल काढला आणि त्याची दिशा नेमकी उलट होती: सरकारने मागे सरावे, चलनाचे अवमूल्यन करावे, निर्यातीच्या पिकांवर भर द्यावा. तेलाचे वाढलेले दर, कोसळलेले कच्च्या मालाचे भाव आणि चढलेले व्याजदर यांनी कर्जात बुडालेल्या सरकारांपुढे निवड उरली नव्हती. संरचनात्मक समायोजन या नावाखाली जे कार्यक्रम आले त्यांत विद्यापीठांवरही कुऱ्हाड चालली. प्राथमिक शिक्षणावर खर्च केलेल्या पैशाचा परतावा उच्च शिक्षणापेक्षा अधिक असतो, असा बँकेच्या अर्थशास्त्रज्ञांचा हिशेब होता. या हिशेबात दप्तरखाना, संशोधन-नियतकालिक, प्रयोगशाळा यांचा परतावा कसा मोजायचा याला जागाच नव्हती. ग्रंथालयांत परदेशी नियतकालिके येणे थांबले, पगारांची किंमत महागाईने खाल्ली, प्राध्यापक दुसरी-तिसरी नोकरी करू लागले किंवा देश सोडून गेले. २००० मध्ये बँक आणि युनेस्को यांच्या पुढाकाराने नेमलेल्या कार्यगटाने उच्च शिक्षणाकडे पाहण्याची ती दृष्टी संकुचित होती, असे नोंदवले. तोवर एका पिढीचे नुकसान होऊन गेले होते, आणि ते कोणत्याही अहवालाने भरून येणारे नव्हते.

या पडझडीच्या काळात, १९८६ ते १९९६ या वर्षांत, कोडेस्रियाची धुरा थांडिका म्कांडाविरे यांनी सांभाळली. ते मूळचे मलावीचे. तेथील हुकूमशाहीमुळे त्यांना बराच काळ निर्वासित म्हणून जगावे लागले. आफ्रिकेत सरकारच्या पुढाकाराने विकास होऊच शकत नाही, कारण तेथील सत्ताधारी जात्याच लुटारू असतात, हा त्या काळी जवळजवळ सर्वमान्य झालेला सिद्धांत त्यांनी आकडेवारी आणि तर्क यांच्या बळावर खोडून काढला. स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या दीड दशकात अनेक आफ्रिकी देशांनी शिक्षणात, आरोग्यात आणि उद्योगांत केलेली प्रगती या सिद्धांतात बसत नव्हती. बोट्स्वाना आणि मॉरिशस बसत नव्हते. सरकारची क्षमता आधी छाटायची आणि मग सरकारला जमत नाही म्हणून दोष द्यायचा, ही पद्धत त्यांनी उघडी पाडली. आफ्रिकेच्या विकासाविषयी मी जे वाचले आहे त्यात म्कांडाविरे यांच्या लेखनाइतके स्वच्छ आणि ठाम लेखन मला क्वचितच आढळले. २०२० मध्ये त्यांचे निधन झाले.

दडपण केवळ बाहेरचे नव्हते. केनियातील इतिहासाचे अध्यापक माइना वा किन्याटी यांना माऊ माऊ या ब्रिटिशविरोधी चळवळीवरील संशोधनाच्या काळातच १९८२ मध्ये राजद्रोहाच्या आरोपाखाली सहा वर्षांची शिक्षा झाली. ज्या चळवळीच्या नावावर स्वातंत्र्य मिळाले तिची गाणी आणि कागद गोळा करणेही स्वतंत्र केनियाच्या सरकारला सहन झाले नाही. अशा घटनांच्या पार्श्वभूमीवर १९९० मध्ये युगांडाची राजधानी कम्पाला येथे आफ्रिकी विद्वानांनी बौद्धिक स्वातंत्र्याचा जाहीरनामा स्वीकारला.

पैशाच्या टंचाईतून आणखी एक विकार जडला, आणि त्याचे सर्वांत नेमके निदान महमूद ममदानी यांनी केले. त्यांचा जन्म १९४६ चा, मुंबईचा. वाढले कम्पालात, आणि युगांडाचा हुकूमशहा इदी अमीनने १९७२ मध्ये आशियाई लोकांना हाकलले तेव्हा तेही देशोधडीला लागले. २०१० मध्ये ते कम्पालातील मकेरेरे विद्यापीठाच्या सामाजिक संशोधन संस्थेचे संचालक झाले, तेव्हा तेथील संशोधन बहुतांशी देणगीदार संस्थांच्या सल्लागारीत विरघळून गेले होते. प्रश्न वॉशिंग्टन किंवा लंडनमध्ये ठरायचा, सिद्धांतही तिकडचाच असायचा, आणि आफ्रिकी प्राध्यापकाने प्रश्नावली घेऊन आकडे गोळा करून द्यायचे. संशोधन म्हणजे आधी प्रश्न मांडणे, हे ममदानी यांनी पुन्हा पुन्हा सांगितले आणि त्यासाठी २०१२ पासून तेथे भरपूर वाचन करून घेणारा पूर्णवेळ पीएच.डी. अभ्यासक्रम सुरू केला. त्यांच्या कारभारावर वादही झाले. परंतु आफ्रिकेतील विद्यार्थ्याला आफ्रिकेतच उत्तम डॉक्टरेट मिळाली पाहिजे हा त्यांचा आग्रह मला मनापासून पटतो.

महाराष्ट्रात या विषयाशी नाते सांगणारी एक जागा आहे. मुंबई विद्यापीठात १९७१ पासून आफ्रिका अध्ययन केंद्र चालते. ज्या प्रदेशात हबशी मलिक अंबरने खडकी वसवली, जिचे पुढे औरंगाबाद झाले, आणि ज्याच्या किनाऱ्यावर जंजिऱ्याच्या सिद्दींनी शतकानुशतके राज्य केले, त्या प्रदेशात आफ्रिकेविषयीची जिज्ञासा एवढ्या एका केंद्रापुरती राहू नये असे मला वाटते.

शेवटी केनियातील एका प्रकरणाविषयी लिहितो, कारण संशोधनाने जिवंत माणसांना न्याय मिळवून दिल्याचे एवढे स्पष्ट उदाहरण मला दुसरे ठाऊक नाही. माऊ माऊ चळवळ मोडण्यासाठी पुकारलेल्या १९५२ ते १९६० या आणीबाणीच्या काळात ब्रिटिशांनी हजारो केनियन लोकांना छावण्यांत डांबून छळले. त्यातून वाचलेल्या काही वृद्ध स्त्री-पुरुषांनी २००९ मध्ये लंडनच्या न्यायालयात ब्रिटिश सरकारवर दावा लावला. इतिहासकार त्यांच्या बाजूने तज्ज्ञ म्हणून उभे राहिले. स्वातंत्र्याच्या वेळी कागदपत्रांच्या सुमारे तीनशे पेट्या केनियातून इंग्लंडला हलवल्या गेल्या, याचा माग त्यांनी नोंदींवरून लावला होता. न्यायालयात हे मांडले गेल्यावर २०११ मध्ये परराष्ट्र खात्याला मान्य करावे लागले की, इंग्लंडमधील हॅन्सलोप पार्क येथील बंदिस्त इमारतीत ३७ माजी वसाहतींच्या सुमारे ८,८०० फायली दडलेल्या आहेत. छळाची माहिती वरपर्यंत होती हे त्यांतून उघड झाले. जून २०१३ मध्ये सरकारने खेद व्यक्त केला आणि ५,२२८ दावेदारांसाठी १ कोटी ९९ लाख पौंडांची तडजोड मान्य केली.

त्या फायली पुढे लंडनमधील क्यू येथील राष्ट्रीय दप्तरखान्यात वाचकांसाठी खुल्या झाल्या. नैरोबी विद्यापीठातील एखाद्या विद्यार्थिनीला आपल्या आजोबांच्या छावणीचा मूळ कागद हातात घेऊन वाचायचा असेल, तर तिला आधी ब्रिटनचा व्हिसा काढावा लागतो, विमानाचे तिकीट आणि लंडनमधल्या मुक्कामाचा खर्च जुळवावा लागतो. हे कागद केनियाच्या राष्ट्रीय दप्तरखान्यात परत गेले पाहिजेत, आणि ते सांभाळणाऱ्या माणसांचे पगार दर महिन्याला वेळेवर झाले पाहिजेत.